गयाबाईंची पेटी

माझ्या पेटीतला मिक्सर बाहेर काढून त्यांनी शेडच्या फरशीवर ठेवला, तेव्हा गयाबाईंची आणि माझी ओळख होऊन जेमतेम चार तास झाले होते. मिक्सरच्या मागोमाग कुकर निघाला, इस्त्री निघाली, अकरा ड्रेसांपैकी सहा निघाले. मी कमरेवर हात ठेवून बघत उभी होते. माझ्या सामानाला आईशिवाय कुणी हात लावलेला मला खपत नाही, आणि खरं सांगायचं तर आईनं लावलेलाही खपत नाही.

"मावशी, काय करून राहिलात तुम्ही?"

त्यांनी मान वर केली नाही. कुकरची शिट्टी बोटांत धरून उलटसुलट बघितली आणि मला विचारलं, "हे तिथं काय काम करंल?"

"भात करील."

"भात पातेल्यात बी होतो," त्या म्हणाल्या आणि शिट्टी कुकरच्या पोटात टाकून वर झाकण लावून मोकळ्या झाल्या.

मी मूळची नांदेडची. विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर झाले आणि लातूरला डाळमिलची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात लागले. आमच्या शेठजींची एक डाळमिलही होती, कारखान्याला लागूनच. त्या वर्षी टांझानियातल्या एका कंपनीनं आमच्याकडून अख्खी मिल विकत घेतली. यंत्रं जहाजानं जाणार, पाठोपाठ आम्ही विमानानं जाणार, दहा महिने तिथं राहून मिल चालू करून द्यायची, तिथल्या माणसांना शिकवायचं आणि परत यायचं. यंत्रं बसवायची जबाबदारी माझी. आणि डाळ करून दाखवायला मिलमधून एक बाई. ती बाई म्हणजे गयाबाई. पंचावन्नच्या आसपासच्या, बारीक चणीच्या, कपाळ मोकळं, पदर कमरेला घट्ट खोचलेला. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक लातुरातच दिलेली. मिलमध्ये त्यांना सव्वीस वर्षं झाली होती आणि हजेरीच्या वहीत सव्वीस वर्षं त्यांच्या नावापुढे एकच शब्द होता, हेल्पर.

त्या दिवशी सकाळी शेठजींच्या टेबलावर मी मिलचा नकाशा पसरून बसले होते. गयाबाई सहीसाठी आल्या होत्या. सही झाल्यावर गेल्या नाहीत. नकाशावर वाकून म्हणाल्या, "ह्यात काय काय हाय ते दावा की जरा." मी दाखवलं. ही चाळणी, हे रोलर, हा माल वर चढवणारा एलिव्हेटर, हा डाळ फोडायचा भाग. त्यांचं बोट माझ्या बोटामागून फिरत होतं. एका चौकोनावर ते थांबलं.

"आन् हितं काय हाय?"

"ती मोकळी जागा. वाळवणाची."

"मोकळी," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "सव्वीस वर्षं म्या तिथंच हाय की, मॅडम."

तूर रोलरमध्ये गेली आणि डाळ होऊन बाहेर आली, असं होत नाही. आधी रोलर तिच्या टरफलाला नुसते ओरखडे काढतो. मग तिला तेल चोळायचं, खळ्यावर उन्हात पसरायची, फिरवायची, संध्याकाळी ढीग मारून झाकायची, सकाळी पुन्हा पसरायची. टरफल आतून सुटलं की मग यंत्राचं काम. घाई केली तर टरफल चिकटून राहतं, उशीर केला तर दाण्याचा चुरा होतो आणि डाळीऐवजी जनावरांची चुनी पदरात पडते. हे सगळं खळ्यावरच्या बाया करतात. अनवाणी पाय घासत तुरीतून चालतात, पायामागं सऱ्या पडत जातात, खालची तूर वर येते. आणि ती कधी तयार झाली हे गयाबाईंचे तळवे सांगतात. लातुरात प्रत्येक मिलला खळं असतंच आणि खळ्यावर बाया असतातच, म्हणून आमच्यापैकी कुणाच्याही यादीत ते आलं नव्हतं. तीन पानी यादी केली होती मी. त्यात नट-बोल्टसुद्धा मोजून लिहिले होते. खळ्यासाठी एक ओळ नव्हती. मला लाज वाटली, पण ते कबूल करायचा माझा स्वभाव नाही, म्हणून मी नकाशाची घडी घातली.

शेठजी हसले. गयाबाईंनी सही केलेल्या कागदावरही हेल्परच लिहिलं होतं. "गयाबाई, कागदावर सध्या हेल्परच राहू द्या. तिथं पहिला लॉट पास झाला, लातूरएवढा उतारा पडला, की कारागीर लिहून देतो. नाही पडला तर मात्र पुढच्या विमानानं परत."

"परत तर परत," गयाबाई म्हणाल्या. "पर पास झाला तर मागं सरायचं न्हाई." मग दारात थांबून मला म्हणाल्या, "बटन दाबणारं पोरगं दोन वर्सांत ऑपरेटर होतंय. म्या डाळ करते, तर म्या हेल्पर. तुमीच सांगा मॅडम, ह्याचा काय हिशेब लागतो का?"

मला लागला नाही.

यंत्रांच्या कंटेनरमध्ये आम्हां दोघींना एकेक लाकडी पेटी दिली होती, शिवाय विमानात एकेक बॅग. दुपारी मी माझी पेटी भरली. दहा महिने परदेशात काढायचे म्हटल्यावर माणसाला घर उचलून न्यावंसं वाटतं. नांदेडहून आईनं एसटीनं दोन खोकी पाठवली होती, त्यात तीन प्रकारची लोणची, कारळाची चटणी, शेवया, कुरडया, आणि का कोण जाणे, एक पोळपाट. तेवढ्यात गयाबाई हातगाडीवर चाळीस जुनी पोती लादून आल्या. ज्यूटची, वापरून मऊ झालेली. निम्मी त्यांच्या पेटीत मावली. उरलेली घेऊन त्या माझ्या पेटीकडे वळल्या, आणि मिक्सर बाहेर आला.

"अहो, रिकामी पोती कुणी आफ्रिकेत नेतं का?" माझा पारा चढला होता. "तिथं पोती नसतील?"

"हाईत. म्या ड्रायव्हरच्या पोराला मोबाईलवर बघायला लावलं. समदी प्लॅस्टिकची हाईत. प्लॅस्टिकला घाम येतो. आभाळ आलं की तुरीखाली ही लागत्यात."

मग त्यांनी एक ताडपत्री अंथरली आणि माझं सगळं सामान तिच्यावर मांडलं. एकेक वस्तू उचलायच्या, माझ्यापुढे धरायच्या आणि तेच विचारायच्या, हे तिथं काय काम करंल. आवाजात टोमणा नाही. खरोखर विचारायच्या, आणि उत्तर पटलं तर वस्तू मुकाट्यानं पेटीत ठेवायच्या. माझी पुस्तकं पटली. गरम पाण्याची पिशवी पटली. "पोट दुखतंय व्हय दर म्हैन्याला? मग ऱ्हाऊ द्या." पोळपाट पटला नाही. लोणच्यांपैकी एक बरणी राहिली. सुगंधी मेणबत्त्यांचा डबा मी स्वतःच बाजूला सरकवला, कारण त्या काय काम करतील हे त्यांच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला. कुरडया परत येताहेत हे कळल्यावर ती म्हणाली, "ही गयाबाई कोण लागून गेली गं?" मी म्हटलं, माझी हेल्पर. शब्द तोंडातून गेला आणि मला तो टोचला.

त्यांची स्वतःची पेटी बघण्यासारखी होती. पोती, दोन लाकडी दाताळी, सुतळीचे गुंडे आणि पोती शिवायचं दाभण. विमानाच्या बॅगेत चार लुगडी, एक वाकळ, बुद्धाची वीतभर पितळी मूर्ती आणि येसर, म्हणजे आमटीला लावायचं भाजलेल्या धान्याचं पीठ. येसराची पुडी चांगली दोन किलोची होती. मी लगेच संधी साधली. "हे काय काम करंल मावशी?" "येसराची आमटी प्वाटात गेली तर माणूस कामाला लागंल. हे औजारातच धरायचं." नातवाचा फोटो घेतला नाही का विचारलं, तर म्हणाल्या, "मोबाईलमधी हाय की. त्याला पेटी कामून लागते?"

एवढं नेमकं बांधायला कुठे शिकलात, असं मी विचारलं होतं. त्या दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जायच्या. तीन दिवस, गर्दी, पाठीवर एक गाठोडं. पहिल्या वर्षी त्यांनी गाठोड्यात घर भरलं होतं. "सासूचा हात सुटला गर्दीत. एका हातात गाठुडं, एका हातात पोरगी. सासूला धराया हात न्हवता. दुपारभर धुंडली." सासू सापडली, पण तेव्हापासून एक हात मोकळा राहील एवढंच सामान, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्या हैदराबादच्या विमानतळावरही तशाच आल्या, एक हात मोकळा. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, दातांत पासपोर्ट होता, आणि तपासणीत माझी कात्री जप्त झाली. त्यांचं दाभण केव्हाच जहाजावर चढलं होतं.

मिल दार-एस-सलामपासून दोनेक तासांवर होती. यंत्रं आली, आम्ही बसवली. नकाशातल्या त्या चौकोनाच्या जागी तिथल्या लोकांनी सिमेंटचा नवाकोरा ओटा घातला होता आणि खळ्यासाठी सहा बाया कामाला ठेवल्या होत्या. त्यांचे मॅनेजर जोसेफसाहेब, उंचपुरे, शांत, नियमाचे पक्के. त्यांचा पहिला नियम असा की मिलच्या कुंपणाच्या आत सगळ्यांनी जाडजूड सेफ्टीचे बूट घालायचे. गयाबाईंना सगळ्यात लहान मापाचे दिले, तेही दोन बोटं मोठे.

त्या बूट हातात धरून ओट्याच्या कडेला उभ्या राहिल्या. "मॅडम, ह्यांना सांगा. अन्नावर पायताण घालून पाय देत न्हाईत."

मी सांगितलं. जोसेफसाहेबांनी नियमाचा कागद दाखवला. तूर कधी तयार झाली ते बघायला ओलावा मोजायचं यंत्र आहे, पायांची गरज नाही, असंही ते म्हणाले. यंत्र माझ्याच यादीतलं होतं, मी तरी काय बोलणार. गयाबाईंनी बूट घातले. तुरीत चार पावलं टाकली आणि थांबल्या. दाणे बुटाखाली फुटत होते. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. दाताळं घेऊन त्या कडेकडेनं तूर फिरवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी यंत्रानं तूर तयार असल्याचं दाखवलं. गयाबाई म्हणाल्या, "न्हाई वाटत मला. पर पायाला काई कळंना झालंय." लॉट चालवला. निम्म्या डाळीला टरफल तसंच, उरलेल्यात चुनीच चुनी. जोसेफसाहेबांनी त्याच दिवशी लातूरला कळवलं, आणि शेठजींचा मला फोन आला. गयाबाईंचं तिकीट काढ.

मी खोलीवर आले. गयाबाई वाकळीवर पाय चेपत बसल्या होत्या, बुटांनी टाचांना फोड आले होते. त्यांना सगळं कळलं होतं. रडणं नाही, काही नाही. एवढंच म्हणाल्या, "सव्वीस वर्सं ते ल्हेत आले ते बरूबर हुतं म्हणतील आता."

माझं डोकंच फिरलं. मी तिथून शेठजींना फोन लावला. म्हटलं, "खळ्याची एक ओळ मी यादीत लिहिली नाही. बूट घालायला लावले तेव्हा मी भांडले नाही. यंत्र मी आणलं. तिकीट काढायचंच असेल तर माझं काढा." मग ते म्हणाले, "एक लॉट अजून. एकच."

जोसेफसाहेबांना पटवायला मात्र गयाबाईच आल्या. ऑफिसच्या पायरीशी त्यांनी घमेलं ठेवलं, नळाच्या पाण्यानं पाय धुतले, साबण लावून पुन्हा धुतले, कोरड्या फडक्यानं पुसले आणि तळवे वर करून दाखवले. मला म्हणाल्या, "सांगा त्यांना. मशिनीपाशी बूट घालीन, तिथं त्यांचं बरूबर हाय. खळ्यावर न्हाई. त्यांचे बूट धुत्यात का रोज, इचारा." मी शब्दाला शब्द सांगितलं. जोसेफसाहेबांनी आपल्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाले, ओटा यंत्रांपासून लांब आहे, तिथं चालेल. पण अर्धी तूर यंत्र सांगेल तशी, अर्धी ही बाई सांगेल तशी.

अनवाणी पायांनी गयाबाई रिकाम्या ओट्यावर फिरल्या आणि पाचच मिनिटांत परत आल्या. "ह्येला घाम हाय. नवं सिमिट. वरून तूर वाळती, खालून भिजती. तुमचं मशीन वरचं बघतंय." त्यांनी चाळीसच्या चाळीस पोती बाहेर काढली, उसवली आणि दाभणानं एकमेकांना जोडायला बसल्या. त्या सहा बाया आधी लांबून बघत होत्या. मग रेहेमा नावाची एक जण येऊन बसली, तिच्यामागं बाकीच्या. भाषा कुणालाच कुणाची येत नव्हती. दाभण एक होतं, ते हातोहात फिरत होतं. दोन दिवसांत अर्ध्या ओट्यावर ज्यूटचं अंथरूण झालं.

तूर पसरली. दुसऱ्या दिवशी यंत्रानं होकार दिला तेव्हा जोसेफसाहेबांनी आपली अर्धी उचलली. गयाबाई जागच्या हलल्या नाहीत. "न्हाई. मधी थंड हाय अजून." तिसऱ्या दिवशी सकाळीही नाही. त्या पाय घासत जात होत्या, येत होत्या, मागोमाग सहा जणी, त्याही पाय धुऊन आलेल्या, ओट्यावर सात सऱ्या. दुपारी तीनच्या सुमाराला मध्येच थांबल्या, टाच जरा दाबून बघितली आणि हात वर केला. "आता उचला."

डाळ पडायच्या तोंडाशी आम्ही सगळे उभे होतो. पहिली मूठभर पडली, पिवळीधमक, टरफलाचा ठिपका नाही. गयाबाईंनी एक दाणा दाताखाली धरला आणि मान हलवली. वजन झालं. जोसेफसाहेबांच्या अर्ध्या मालात पहिल्या लॉटसारखाच चुरा होता. गयाबाईंचा उतारा लातूरच्या तोडीस तोड होता, किंबहुना थोडा वरच. मी त्यांना मिठी मारली. माझ्या नव्या ड्रेसवर तेलकट हातांचे डाग पडले, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नळापाशी बुटांच्या सात जोड्या नेहमीसारख्या काढून ठेवलेल्या होत्या. मी थोड्या वेळानं गेले तेव्हा आठवी जोडी होती, फार मोठ्या मापाची.

नंतरच्या महिन्यांत गयाबाईंनी त्या सहा जणींना तयार केलं. हातानं कमी, पायानं जास्त. त्यांच्या पायावर आपला पाय ठेवून दाब दाखवायच्या. रेहेमाबद्दल मला म्हणायच्या, "हिचे पाय माझ्याहून शाने हाईत. माझ्या लेकीचे न्हाईत असे." येसर त्यांनी सगळ्यांत वाटून संपवला. मला दहा महिन्यांत मिक्सरची आठवण झाली ती दोनदा, इस्त्रीची एकदाही नाही. त्यानंतर माझ्या तीन बदल्या झाल्या. दर वेळी ताडपत्री अंथरते, एकेक वस्तू हातात धरते आणि मोठ्यानं विचारते. घरचे हसतात. हसू देत. गयाबाई आता काम सोडून लातूरला लेकीकडे असतात, फोन केला की आधी विचारतात, काय काय मागं टाकलं.

पण सांगायचं ते तर राहिलंच. लॉट पास झाल्यावर शेठजींनी शब्द पाळला, फक्त कागद यायला काही महिने लागले. तो ईमेलनं आला. मी छापून ओट्यावर घेऊन गेले आणि वाचला. गयाबाई कांबळे, कारागीर, वाळवण विभाग. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. कागद हातात घेऊन आपल्या नावावरून बोट फिरवलं, पुढच्या शब्दावरून फिरवलं. डोळे भरून आले होते, पुसले नाहीत. मला वाटलं, आता त्या काहीतरी मोठं बोलतील.

"ह्या सहा जनींच्या नावापुढं काय ल्हेलंय हितं?" त्यांनी विचारलं.

मला माहीत होतं. तिथल्या वहीतही तोच शब्द होता, नुसता इंग्रजीत.

"मला शिकवाया आणलं. म्या शिकवलं. ज्या शिकल्या त्या हेल्पर कशा राहतील? तसं आसंल तर म्या शिकवलं काय?" कागदाची घडी घालून त्यांनी ती माझ्या हातात दिली. "हे तुमच्यापाशी ठिवा. सहा कागद अजून करा. त्यांचे झाले की माझा घेईन."

मी टाईप केले. जोसेफसाहेबांनी आधी वरिष्ठांना विचारावं लागेल म्हणून सांगितलं, मग चार दिवस विचार केला. पाचव्या दिवशी सहाही कागदांवर सही करून माझ्या टेबलावर आणून ठेवले. दुपारचं ऊन होतं, तूर पसरलेली होती. गयाबाईंनी सहा जणींना तुरीतून बाहेर बोलावलं, ओळीनं उभं केलं आणि स्वतः शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

"वाचा मॅडम. मोठ्यांदा वाचा, पार मशिनीपत्तर ऐकू गेलं पायजे."

रेहेमा, नीमा, झुहुरा, ग्रेस, हलिमा, सलोमे. वाचली मी, मशिनीपर्यंत जातील अशी. एकूण सात नावं वाचली, आणि सुरुवात ओळीच्या शेवटच्या बाईपासून केली.